बियाणं उगवलंच नाही तर काय करायचं? पक्क्या बिलापासून ग्राहक आयोगापर्यंतची सगळी वाट

पेरून आठ दिवस झाले, पाऊस बरा होता, आजूबाजूच्या रानात हिरवे तास दिसायला लागले आणि आपल्या रानात मात्र हाताच्या अंतरावर एखादं रोप, अशा वेळी माणूस पहिलं काय करतो तर वखर घालतो आणि दुबार पेरतो. त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही, हंगाम कुणासाठी थांबत नाही. पण पंचनामा व्हायच्या आधी वखर फिरला की बियाणं खराब होतं हे सिद्ध करायला हातात काहीच राहत नाही, म्हणून हा सगळा लेख खरं तर त्या मधल्या चार-पाच दिवसांसाठी आहे. त्या दिवसांत काय करायचं, कुणाकडे जायचं, कागदावर काय लिहून घ्यायचं, आणि पुढं भरपाई कुठून मिळते, ते सगळं क्रमाने सांगतो. महाराष्ट्रातली पद्धत सांगतोय आणि उदाहरण सोयाबीनचं घेतोय, कारण सगळ्यात जास्त बोंब त्याचीच असते. २०२० च्या खरिपात राज्यभर सोयाबीन न उगवल्याच्या इतक्या तक्रारी झाल्या की मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली होती. तूर, मका, कापूस सगळ्याला थोड्याफार फरकाने हेच लागू आहे.

खरेदी करतानाच अर्धी केस तयार होते

हे ऐकायला कंटाळवाणं वाटतं पण इथंच सगळ्यात जास्त लोक अडकतात. कृषी सेवा केंद्रवाला ओळखीचा असतो, माल उधारीवर असतो, तो डायरीत लिहून घेतो किंवा साध्या चिठ्ठीवर आकडा टाकून देतो. ती चिठ्ठी काही कामाची नाही. बियाणे नियंत्रण आदेश १९८३ प्रमाणे विक्रेत्याने बिल दिलंच पाहिजे, आणि तो आदेश रोखीला एक नि उधारीला एक असं करत नाही, उधारीच्या मालाचंही बिल द्यावंच लागतं. दुकानात परवाना, साठा आणि भाव यांचा फलक लावणं हेही त्याच आदेशात आहे. बिलावर तुमचं नाव, पीक, वाण, कंपनी, लॉट नंबर (म्हणजे बियाण्याच्या त्या खेपेचा नंबर), पिशव्या किती, किंमत, तारीख, विक्रेत्याची सही एवढं बघा. लॉट नंबर तर तिथल्या तिथं पिशवीवरच्या नंबराशी जुळवून घ्या, कारण बिलावर एक लॉट आणि पिशवीवर दुसरा असं झालं की पुढं कंपनी म्हणते हे आमचं बियाणंच नाही. कुटुंबात सातबारा वडिलांच्या नावावर आणि बिल मुलाच्या नावावर असं बऱ्याचदा असतं, शक्यतो ज्याच्या नावावर जमीन त्याच्याच नावाने बिल घ्या, नंतरचे फाटे वाचतात.

मग टॅग बघायचा. पायाभूत बियाण्याचा टॅग पांढरा, प्रमाणित बियाण्याचा निळा, आणि कंपनीचं सत्यदर्शक बियाणं असेल तर हिरवट लेबल. प्रमाणित बियाण्याची शेतात तपासणी आणि प्रयोगशाळेत चाचणी बियाणे प्रमाणीकरण यंत्रणेने केलेली असते, सत्यदर्शक बियाण्यात कंपनी स्वतःच्या जबाबदारीवर लिहून देते की यात इतकी उगवण आहे. सत्यदर्शक म्हणजे वाईट असं अजिबात नाही, पण त्यावर सरकारी तपासणीचा शिक्का नाही हे माहीत असावं. टॅगवर चाचणीची तारीख आणि वैधता लिहिलेली असते, साधारण चाचणीपासून ९ महिने. मुदत संपलेली पिशवी स्वस्तात देतो म्हणाला तरी घेऊ नका.

उगवणशक्तीची किमान मर्यादा कायद्याने ठरलेली आहे. सोयाबीन आणि भुईमूग ७० टक्के, तूर, मूग, उडीद, ज्वारी, बाजरी ७५, भात ८०, गहू आणि हरभरा ८५, संकरित मका ९०. याच्या खाली बियाणं असेल तर ते विकायलाच परवानगी नाही, आणि ते आकडे तोंडपाठ असले तर दुकानात बोलताना आवाजात फरक पडतो.

एक गोष्ट इथंच सांगून टाकतो. एचटीबीटी, म्हणजे तणनाशक मारलं तरी न मरणाऱ्या बीटी कापसाला देशात व्यावसायिक लागवडीची परवानगीच नाही, त्यामुळे ती पाकिटं बिलाशिवाय, लेबलशिवाय, रात्री-अपरात्री येतात आणि ती फसली तर तक्रार करायला जागाच उरत नाही. तण काढायचा खर्च परवडत नाही म्हणून लोक तिकडं वळतात हे मला कळतं, पण ते पैसे बुडाले तर बुडालेच.

पिशवी खालून फोडा, मूठभर बी ठेवा

पिशवी उघडताना टॅग शिवलेली वरची बाजू तशीच राहू द्या, खालची शिवण उसवा. टॅग, लेबल, रिकामी पिशवी आणि त्यातलं थोडं बी पीक हातात येईपर्यंत जपून ठेवायचं, उंदीर लागणार नाही अशा ठिकाणी. पेरायच्या आधी पिशवीचा आणि टॅगचा फोटो काढा, लॉट नंबर वाचता येईल असा.

आणि पेरणीच्या आठवडाभर आधी घरी उगवण चाचणी करा. प्रत्येक लॉटमधलं न निवडता १०० दाणे घ्यायचे, चांगले बघून घ्यायचे नाहीत, हाताला येतील ते, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, ओल टिकवायची. सात-आठ दिवसांनी उघडून नीट कोंब आलेले मोजा, नुसतं फुगलेलं किंवा वाकडातिकडा तुटका कोंब असलेलं धरायचं नाही. शक्यतो असे तीन-चार संच करा म्हणजे सरासरी मिळते. ७० च्या खाली आलं तर बाकीच्या पिशव्या न फोडता दुकानात परत न्या आणि त्याच दिवशी पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याला लेखी कळवा, कारण तो लॉट बाकीच्या गावांतही जातोय. हे एवढं केलं तर पुढचं काहीच करावं लागत नाही. आणि चाचणीत ८० आलं आणि शेतात उगवलं नाही तर दोष बियाण्याचा नाही, पावसात, खोलीत किंवा किडीत शोधायला लागेल, हेही तुम्हाला आधीच कळतं.

सोयाबीनचं बी नाजूक, साल पातळ. पिशवी टेम्पोतून आपटली तरी आतला कोंब मरतो. थप्पीत खाली दबलेल्या पिशव्या घेऊ नका, घरी आणताना आपटू नका.

पेरणीची नोंद ठेवा, कारण पुढचा वाद याच्यावरच होणार

कंपनीचं उत्तर ठरलेलं असतं: पाऊस कमी होता, बी खोल गेलं, पेरल्यावर जोराचा पाऊस होऊन जमिनीवर पापुद्रा आला, वाणी किड्याने कोंब खाल्ले, बीजप्रक्रियेत चूक झाली. यातलं काही कधी कधी खरंही असतं, म्हणून आपली बाजू भक्कम हवी. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर, वाफशावर (म्हणजे पेरण्याजोगी ओल असताना), तीन-चार सेंटीमीटर खोलीवर पेरलं असेल तर ते दाखवता आलं पाहिजे. तुमच्या महसूल मंडळात कोणत्या दिवशी किती पाऊस पडला ते सरकारच्या महारेन संकेतस्थळावर मिळतं, त्या दिवसांचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. ट्रॅक्टरवाल्याने पेरून दिलं असेल तर त्याचं नाव, तारीख, कोणत्या गटात किती पिशव्या गेल्या हे वहीत लिहा आणि दोन फोटो घ्या. ई-पीक पाहणी ॲपवर पीक नोंदवायला विसरू नका, सातबाऱ्यावर पीकच नसेल तर तुम्ही पेरलंच नाही असंही म्हणतात. फक्त एक अडचण आहे, नोंदणी उशिरा सुरू होते आणि तोपर्यंत तुम्ही दुबार पेरून मोकळे झालेले असता, म्हणून तुमचे फोटो आणि पंचनामा हाच पहिल्या पेरणीचा खरा पुरावा.

शक्य असेल तर एका कोपऱ्यात दुसऱ्या लॉटचं किंवा घरचं बी दोन तास पेरा. एकाच दिवशी, एकाच रानात, एकाच पावसावर घरचं बी उगवलं आणि पिशवीतलं नाही, यापेक्षा बोलका पुरावा कुठला मिळणार!

उगवण कमी दिसली: पहिला दिवस

सातव्या-आठव्या दिवशी रानात जाऊन आधी स्वतः मोजा. मीटरची पट्टी किंवा एक मीटर मापाची काठी घ्या, तासाच्या लांबीने जमिनीवर ठेवा आणि तेवढ्या अंतरात किती रोपं आहेत ते मोजा. सोयाबीन ४५ बाय ५ सेंटीमीटरवर पेरलं तर एका मीटरमध्ये २० दाणे पडतात, ७० टक्के धरले तरी १४ रोपं दिसायला हवीत. तुम्हाला पाच-सहाच दिसतात असं समजा. मग तिथंच बोटाने माती बाजूला करा आणि न उगवलेले दाणे बघा, हे फार महत्त्वाचं आहे. दाणा फुगून सडलेला आहे, बुरशी आहे, की कोरडाच आहे? कोरडा असेल तर ओल कमी पडली. कोंब निघून वर यायच्या आत वाकून राहिलाय म्हणजे पापुद्रा किंवा खोली. कोंब कुरतडलेला म्हणजे वाणी किंवा पक्षी. आणि ओल चांगली असताना, खोली बरोबर असताना दाणा नुसता फुगून मऊ पडलाय, कोंबच नाही, तर बियाण्यावर संशय घ्यायला जागा आहे. रानाच्या चार कोपऱ्यांत आणि मध्ये, असं पाच-सहा ठिकाणी मोजा आणि प्रत्येक जागेचा पट्टीसकट फोटो घ्या, मोबाइलचं लोकेशन चालू ठेवून.

अर्ज त्याच दिवशी, आणि पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही

तोंडी तक्रारीला किंमत नाही, दुकानदाराला फोन केला, कंपनीचा माणूस बघून गेला, त्याने वरिष्ठांना कळवतो म्हणाला, यात आठ दिवस जातात आणि तेच त्यांना हवं असतं. लेखी अर्ज पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे द्या, एक प्रत तालुका कृषी अधिकाऱ्याला. अर्ज साधाच लिहायचा: मी अमुक, गाव, गट नंबर, क्षेत्र, अमुक दुकानातून अमुक तारखेला अमुक कंपनीचं अमुक वाण, लॉट नंबर अमुक, इतक्या पिशव्या घेतल्या, अमुक तारखेला पेरल्या, त्या काळात मंडळात इतका पाऊस झाला, आज मोजल्यावर एका मीटरमध्ये सरासरी इतकीच रोपं आहेत, तरी तालुका तक्रार निवारण समितीने तातडीने पाहणी करून पंचनामा करावा. आणि शेवटी हे वाक्य आठवणीने घाला: याच लॉटचा नमुना विक्रेत्याकडून बियाणे निरीक्षकामार्फत घेऊन प्रयोगशाळेत पाठवावा. सोबत बिल, टॅग, सातबारा यांच्या झेरॉक्स. मूळ कागद कुणालाही, अगदी साहेबांनाही द्यायचे नाहीत, दाखवायचे आणि परत खिशात.

नमुन्याचा आग्रह का, ते सांगतो. तुमच्याकडची पिशवी उघडलेली आहे, त्यातलं बी बदललं असेल असा आक्षेप कंपनी घेतेच. निरीक्षक मात्र बियाणे कायदा १९६६ खाली सीलबंद पिशवीतून नमुना काढतो, त्याचे तीन भाग करतो, एक विक्रेत्याला, एक प्रयोगशाळेला, एक राखून. तो अहवाल उडवून लावता येत नाही. दुकानातला लॉट संपला असेल तर बियाणे नियम १९६८ मधला एक मुद्दा कामाला येतो: विकलेल्या प्रत्येक लॉटची नोंद विकणाऱ्याला, म्हणजे कंपनीलाही, ३ वर्षं ठेवावी लागते आणि लॉटचा नमुना सगळा लॉट विकून झाल्यावरही वर्षभर टाकून देता येत नाही. म्हणजे कंपनीकडे नमुना असतोच, असायलाच हवा.

अर्जावर आवक नंबर आणि शिक्का घ्या. साहेब नाहीत, उद्या या म्हणाले तर आवक-जावक टेबलावर देऊन या, तेही नाही म्हणाले तर पोस्टाने रजिस्टर एडी करा. गावात त्याच लॉटचे आणखी शेतकरी असतील तर सगळ्यांनी एकाच दिवशी पण प्रत्येकाने स्वतंत्र अर्ज द्यायचा, एका कागदावर पंधरा सह्या करून दिल्या की प्रत्येकाच्या रानाचा वेगळा पंचनामा होत नाही.

समिती येते तेव्हा

तालुका समितीत उपविभागीय कृषी अधिकारी अध्यक्ष असतात, तालुका कृषी अधिकारी, कृषी विद्यापीठाचे किंवा संशोधन केंद्राचे शास्त्रज्ञ, महाबीजचे (राज्याच्या बियाणे महामंडळाचे) आणि संबंधित कंपनीचे प्रतिनिधी सदस्य, आणि पंचायत समितीचे कृषी अधिकारी सचिव. हंगामात यांच्यावर कामाचा डोंगर असतो हेही खरं, पण म्हणून रस्त्यावरूनच बघून पंचनामा लिहायला लावायचा नाही. रानात न्या, तुम्ही मोजलेल्या जागा दाखवा, त्यांच्यासमोर पुन्हा मोजा, माती उकरून दाणे दाखवा, कोपऱ्यातलं घरचं बी दाखवा. शेजारचा एखादा शेतकरी साक्षीला ठेवा.

आता सगळ्यात मोलाचं. पंचनाम्यात "उगवण कमी आढळली" एवढंच लिहून चालत नाही, कारण कमी उगवली हे तर कंपनीही मान्य करते, भांडण कारणावर आहे. २००५ साली हरयाणा बीज विकास महामंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयात शेतकऱ्याच्या हाती काही लागलं नाही, कारण तज्ज्ञांच्या अहवालात बियाणं निकृष्ट होतं असं कुठं म्हटलेलंच नव्हतं. म्हणून पाहणीत ओल किती होती, पेरणीची खोली किती, कीड होती का, शेजारच्या रानात दुसऱ्या लॉटची उगवण किती, टक्केवारी किती आणि शेवटी समितीचा निष्कर्ष काय, हे सगळं लिहिलंय का ते सही करायच्या आधी वाचा. पटलं नाही तर सही करताना खाली "अमुक मुद्दा नोंदवलेला नाही" असं स्वतःच्या हाताने लिहा, तो तुमचा हक्क आहे. कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या नमुन्यावर सही नाही म्हणजे नाही.

पंचनाम्याची आणि अहवालाची प्रत मागा. देत नसतील तर माहिती अधिकारात अर्ज करा, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून, ३० दिवसांत द्यावी लागते.

समिती लवकर आलीच नाही तर? हंगाम जात असेल तर तुम्ही किती दिवस थांबणार. तेव्हा पुन्हा एक अर्ज द्या की अमुक तारखेपर्यंत पाहणी झाली नाही, मला दुबार पेरणी करणं भाग आहे, मी रानाचा अमुक पट्टा तसाच ठेवतोय. आणि खरोखर तो ठेवा, दोन-चार गुंठे सुद्धा पुरतात. बाकी रान पेरून टाका. सरपंच, पोलीस पाटील, शेजारी यांच्या सह्यांचा स्थळपाहणीचा कागद आणि व्हिडिओ करून ठेवा, सरकारी पंचनाम्याइतका वजनदार नाही पण काहीच नसण्यापेक्षा कितीतरी बरा.

भरपाई नेमकी कोण देतं

इथं मोठा गैरसमज आहे. समितीचा अहवाल तुमच्या बाजूने आला की पैसे खात्यात येतील असं लोक धरून बसतात आणि महिने जातात. समिती भरपाई देत नाही, ती कारण शोधते. बियाणे कायद्यात खटला भरला जातो तो सरकार विरुद्ध कंपनी असा, आणि त्यातली शिक्षा बघा, पहिल्या गुन्ह्याला दंड ५०० रुपयांपर्यंत, पुन्हा केला तर १००० रुपयांपर्यंत दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. १९६६ चे आकडे आहेत हे, एका पिशवीच्या किमतीतही बसतात, आणि शेतकऱ्याला त्यातून एक रुपया नाही. मला याचा मनापासून राग येतो. कापसासाठी राज्याचा २००९ चा वेगळा कापूस बियाणे कायदा आहे आणि त्यात भरपाईची तरतूद आहे, म्हणून कापूसवाल्यांनी अर्जात त्या कायद्याचा उल्लेख करावा. बाकी पिकांना रस्ता ग्राहक आयोगाचा. आणि पीक विमा हा वेगळाच विषय, खराब बियाण्याची भरपाई विमा कंपनी देत नाही.

कंपनी बऱ्याचदा मध्येच बदली पिशव्या द्यायला तयार होते. घ्यायला हरकत नाही, दुबार पेरणीला उपयोगी पडतात, पण सोबत "माझी आता कोणतीही तक्रार नाही" असा कागद सही करायला आणतात, तो नीट वाचा. पिशव्या मिळाल्या एवढीच पोच द्या. मशागत, खत, ट्रॅक्टर, मजुरी, गेलेला हंगाम, हे सगळं त्या दोन पिशव्यांत भरून निघत नाही.

ग्राहक आयोगात जाताना

२०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगम विरुद्ध मधुसूदन रेड्डी या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की बियाणं घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे, आणि शेतकऱ्याने तपासणीसाठी बी राखून ठेवावं अशी अपेक्षा धरता येत नाही, तो सगळं पेरतो, नमुना कंपनीकडे असतो तर तिने तो आयोगापुढे आणावा. आंध्रातल्या शेतकऱ्यांनी लढलेला हा निकाल आज आपल्याला कामाला येतो. तक्रारीत याचा उल्लेख करा आणि कंपनीकडचा नमुना मागवून तपासावा असा अर्जही त्यासोबत द्या. प्रयोगशाळेची फी तक्रारदाराला भरावी लागते, तेवढी तयारी ठेवा.

तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, कंपनी हैदराबादची असो की गुजरातची. मुदत २ वर्षं. बियाण्याची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील सक्तीचा नाही, पण कंपनीचा वकील अनुभवी असतो, म्हणून जमलं तर द्या. ऑनलाइन दाखल करायला ई-जागृती पोर्टल आहे, नुसती विचारपूस करायची तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. दाखल करायच्या आधी कंपनी आणि विक्रेता दोघांना रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवा, १५ दिवसांची मुदत देऊन, आणि तक्रारीतही दोघांना पक्षकार करा.

मागणी मोघम करू नका. बियाणं, खत, मशागत, पेरणीचा खर्च पावत्यांसह, आणि अपेक्षित उत्पन्नाचं नुकसान, त्यासाठी मागच्या दोन-तीन वर्षांच्या बाजार समितीच्या पट्ट्या आणि त्या वर्षीचा हमीभाव जोडा. दुबार पेरणीतून काही उत्पन्न आलं असेल तर ते स्वतःहून वजा करून दाखवा, लपवलं आणि उघड झालं तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास जातो.

कायदा म्हणतो की कंपनीला नोटीस मिळाल्यापासून ३ महिन्यांत, आणि प्रयोगशाळेची तपासणी लागली तर ५ महिन्यांत निकाल द्यायचा प्रयत्न व्हावा. प्रत्यक्षात जास्त लागतो, तारखा पडतात, कंटाळून सोडून देणारे खूप. निकाल तुमच्या बाजूने लागला तर कंपनी ४५ दिवसांत राज्य आयोगात अपील करू शकते, पण त्यासाठी तिला आदेशातली ५० टक्के रक्कम आधी भरावी लागते. अपील केलं नाही आणि पैसेही दिले नाहीत तर त्याच आयोगात अंमलबजावणीचा अर्ज टाका, आदेश न पाळणाऱ्याला १ महिना ते ३ वर्षं कैद किंवा २५ हजार ते १ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि हा अर्ज टाकल्यावर चेक यायला फार वेळ लागत नाही.